केळझरचा दर्जा कुणी ठरवायचा?

नागपूरहून बुटीबोरीमार्गे वर्ध्याला जाताना केळझर, सेलू, पवनार आणि वर्धा ही गावं ओळीनं लागतात. चौघांची जागा शतकानुशतकं तीच आहे, दप्तरातली पायरी मात्र प्रत्येकाची बदलत गेली. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे पवनार, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. अकबराच्या काळात पवनार हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठिकाण होतं. आज ते धाम नदीकाठचं एक गाव आहे आणि लोक त्याला विनोबांच्या आश्रमामुळे ओळखतात. वर्ध्याचा प्रवास याच्या उलट झाला. १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा काढला, तेव्हा त्याची कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ साली ती पालकवाडी नावाच्या खेड्यात आणली आणि त्या खेड्याच्या जागी शहर वसलं. सेलू आधी वर्धा तहसिलीतलं मोठं गाव होतं, पुढे ते तालुक्याचं ठिकाण झालं. २०१४ साली सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करायचं ठरवलं, आणि सेलूसोबत समुद्रपूर, कारंजा, आष्टी अशी गावं नागरी झाली.

केळझर मात्र ग्रामपंचायतच राहिलं. ज्या गावाला पडका किल्ला आहे, ज्याच्या टेकडीवरचा गणपती विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जातो, जिथले लोक आपल्या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानतात आणि भीमानं बकासुराला इथंच मारलं असं सांगतात, ते गाव. खानदेशातलं एरंडोलही हाच मान सांगतं, आणि त्या दोघांत निवाडा करण्याची मला गरज वाटत नाही. किल्ला आहे म्हणजे कधीतरी सत्तेचं ठाणं इथं होतं, एवढं नक्की. मग रेल्वे आली. १८६७ साली ती नागपूरला पोचली, पण वर्ध्याहून जाताना तिनं सिंदीची वाट धरली आणि केळझर बाजूला पडलं. सिंदी (रेल्वे) आज याच सेलू तालुक्यातली नगरपरिषद आहे.

आता पुन्हा रस्त्यांचे दिवस आले आहेत. वर्धा–यवतमाळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि तो सेलू तालुक्यातूनच जातो. महामार्ग आला की वावरांचे प्लॉट होतात, प्लॉट झाले की गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, आता नगरपंचायत व्हायला हवी. दुसरा म्हणतो, गाव गावच राहू द्या. या दोन बाजू मी दोन माणसांच्या तोंडी देतो. माणसं कल्पित आहेत. एक काकाजी, नोकरीची सगळी वर्षं ग्रामसेवक म्हणून काढलेले. दुसरी त्यांची पुतणी, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका नगरपंचायतीत अभियंता. मला स्वतःला काय वाटतं ते मी मध्ये मध्ये सांगणार आहे.

पुतणी : काकाजी, महामार्गाच्या दोन्ही बाजूंना लेआउट पडून राहिले. नाली कुठून काढायची, रस्ता किती रुंद ठेवायचा, सांडपाणी कुठं सोडायचं, हे कोण बघते? ग्रामपंचायतीत ना अभियंता, ना आराखडा. नगरपंचायत झाली की मुख्याधिकारी येतो, बांधकामाचा माणूस येतो, पाण्याचा, कराचा, लेखा विभाग येतो. एवढ्या कामाला माणसं लागतात ना?

काकाजी : लागतात. आणि हे सगळे आले की एक गोष्ट जाते. ग्रामसभा.

पुतणी : सभा जाते, पण काम होते.

काकाजी : बाई, मी अख्खी नोकरी त्या सभेच्या पुढं उभं राहून काढली. वर्षाला किमान चार घ्याव्या लागतात. तिथं मतदार यादीतला कोणीही उठतो आणि विचारतो, मागच्या वर्षी हातपंपाच्या दुरुस्तीला किती लागले, सांगा. सरपंच असो की आम्ही, उत्तर द्यावंच लागते. तुमच्या नगरपंचायतीत सतरा नगरसेवक आत बसतात. बाहेरच्या माणसानं कुठं उभं राहायचं?

पुतणी : अर्ज करायचा. माहिती अधिकार आहे, आपले सरकार पोर्टल आहे, नगरसेवक आहे.

काकाजी : अर्ज एकटा माणूस करतो. सभेत शंभर जण ऐकतात.

पुतणी : शंभर? काकाजी, खरं सांगा. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, जे कमी असेल ते लागते. तेवढे भरत नाहीत म्हणून सभा तहकूब करतात, आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग पंधरा-वीस जण बसतात, ठराव आधीच लिहून ठेवलेला असतो, आणि सह्या दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरतात. तुम्ही हे पाह्यलं नाही?

काकाजी : पाह्यलं. बऱ्याच ठिकाणी पाह्यलं.

पुतणी : मग कोणती ग्रामसभा वाचवायची म्हणता? कायद्यातली की गावातली?

(पुतणीचा हा मुद्दा टाळून कुणालाही पुढे जाता येणार नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी झेंडा फडकला की घाईनं उरकलेल्या सभा महाराष्ट्रात गावोगाव होतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती कागदावरच होते असंही अनेक ठिकाणी दिसतं. ग्रामसभेची बाजू घेणाऱ्यानं आधी हे मान्य करावं.)

काकाजी : मी सांगतो. सभा खोटी भरली तर उद्या कोणी खरी भरवू शकतो, कारण कायद्यात ती आहे. कायद्यातूनच गेली तर कोणाच्या बापाला भरवता येत नाही. माझ्याच एका गावात सहा वर्षं सगळं कागदावर चाललं. मग बचत गटाच्या बाया एक मेच्या सभेला येऊन बसल्या आणि दारू दुकानावर, पाणीपट्टीवर, सगळ्यावर बोलल्या. त्या दिवशी दुपारी चारपर्यंत सभा चालली. कोणी उठवू शकलं नाही त्यांना.

पुतणी : एक दिवस.

काकाजी : एक दिवस, हो. पण तो दिवस त्यांना कोणी दिला नव्हता. त्यांच्या हक्काचाच होता.

पुतणी : बरं, आता मी विचारते. तुम्ही म्हणता की गावाला न विचारता त्याचा दर्जा बदलू नये. पण गावाला कधी कोणी विचारलं होतं? आबा कुठं जन्मले?

काकाजी : मध्य प्रांत आणि वऱ्हाडात.

पुतणी : १९५० ला ते मध्य प्रदेशात गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात. १ मे १९६० ला महाराष्ट्रात. आणि एवढ्या वर्षांत आपलं वावर एका हातानंही सरकलं नाही.

काकाजी : त्यात १९५५ साली फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, तेही लिहून ठेव. ते राज्य काही झालं नाही.

पुतणी : तेच म्हणते. वरचं सगळं वरून ठरलं. खालचंही वरूनच. १९४६ ला मध्य प्रांताचा पंचायत कायदा आला. १९४८ ला जनपद सभा आल्या, तहसिलीला एक. मग मुंबईचा १९५८ चा ग्रामपंचायत कायदा. मग १ मे १९६२ ला जिल्हा परिषद आणि पंचायत समिती. एकाच पिढीनं चार कारभार पाह्यले. आणि सगळ्यात मोठा बदल कोणता, सांगा?

काकाजी : मालगुजारी गेली.

पुतणी : ३१ मार्च १९५१. त्याआधी गाव मालगुजाराचं होतं. सारा तो गोळा करायचा, तलाव त्याचा, पडीत त्याची, झाडं त्याची, घराला जागा पाहिजे तर त्याच्या वाड्यावर जायचं. आता मला सांगा, त्या वर्षी सरकारनं गावाला विचारलं असतं की मालगुजारी ठेवायची का घालवायची, तर सभा कुठं भरली असती?

काकाजी थोडं थांबतात.

काकाजी : मालगुजाराच्या वाड्यावर.

पुतणी : आणि तिथं बसून आपल्या आबांनी हात वर केला असता?

काकाजी : नसता केला.

पुतणी : म्हणजे न विचारता केलं हेच बरं झालं ना?

या प्रश्नाला काकाजींजवळ तयार उत्तर नाही, आणि मला वाटतं कुणाजवळच नाही. गावाला विचारा असं म्हणताना गावात कुणाचा आवाज चालतो हे विसरून चालत नाही. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेब आंबेडकरांनी याच जागी बोट ठेवलं होतं. ज्या खेड्याला पुष्कळ जण भारताचा आदर्श मानत होते, ते त्यांना स्थानिक संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं ठिकाण वाटत होतं, आणि राज्यघटनेचा एकक म्हणून व्यक्ती घेतली याचा त्यांना आनंद होता. केळझरपासून जवळच, १९३६ साली शेगाव या खेड्यात राहायला आलेल्या गांधींचं म्हणणं याच्या विरुद्ध टोकाचं होतं. (त्या शेगावचंच नाव १९४० साली सेवाग्राम झालं, कारण बुलढाण्याच्या शेगावला टपाल चुकून जायचं.) वर्ध्यातूनच श्रीमन्नारायण अग्रवालांनी १९४६ साली खेड्याला पाया मानणाऱ्या गांधीवादी संविधानाचा आराखडा पुढं केला. आंबेडकरांच्या भाषणानंतर सभेत खळबळ उडाली, आणि त्याच महिन्यात के. संथानम यांच्या सूचनेवरून पंचायतींबद्दलचं कलम ४० मार्गदर्शक तत्त्वांत आलं. पुतणीला आणि काकाजींना हा इतिहास ठाऊक आहे. वर्धा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला तो सहसा ठाऊक असतो.

पुतणी : बाबासाहेब जे बोलले ते वस्तीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. नळ कोणत्या गल्लीतून आधी जातो, रस्ता कुठं येऊन थांबतो, हे गावठाणाचा नकाशा पाह्यला की कळते. नगरपंचायतीत निदान कामाचा अंदाज नियमानं होतो, निविदा निघते, मुख्याधिकारी बदलून येतो, त्याला कोणाच्या सोयरिकीशी घेणं नसते. परका माणूस कधी कधी चांगला असतो, काकाजी.

काकाजी : असतो. बाबासाहेबांचं म्हणणं खरंच होतं, मी नाकारत नाही. पण १९३२ ला मुंबईच्या कौन्सिलात ग्रामपंचायतीचं बिल आलं, तेव्हा त्यांनी काय मागितलं? पंचायतीत अस्पृश्यांना राखीव जागा. ती मागणी त्या वेळी मान्य झाली नाही. पण १९९३ ला ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि त्यांची मागणी घटनेत गेली. सदस्यांत आरक्षण, सरपंचपदाला आरक्षण, आणि आपल्या राज्यात २०११ पासून निम्म्या जागा बायांना. ज्या खेड्याची त्यांना भीती होती, त्या खेड्याला त्यांच्याच मागणीनं लगाम बसला. तो लगाम अजून पुरा ओढला गेला नाही, हे तुझं खरं.

पुतणी : मग ओढा ना.

काकाजी : ओढायचा तर सभेत ओढायचा. ती सभाच घालवून कसा ओढशील?

इथं दोघं पहिल्यांदा एका जागी येतात असं मला वाटतं, जरी दोघंही ते मान्य करणार नाहीत. पुतणीला हवा आहे नियम, काकाजींना हवी आहे उत्तर मागायची जागा. गावाला दोन्ही लागतात. आजची व्यवस्था मात्र असं ठरवते की एक घेतलं तर दुसरं सोडावं लागेल.

काकाजी : आता पैशाचं बोल. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी आपल्या राज्यात कसा वाटला? ग्रामपंचायतीला ८० टक्के, पंचायत समितीला १०, जिल्हा परिषदेला १०. थेट गावाच्या खात्यात.

पुतणी : थेट, पण बांधलेला. ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या ४० मध्ये गाव काय करणार? आणि घरपट्टी वसूल होते का? नमुना ८ मधलं घर मातीचं लिहिलेलं, प्रत्यक्षात स्लॅबचं. ओळखीच्या माणसाकडून कर कोण मागणार?

काकाजी : ते खरं आहे. पण नगरपंचायत झाली की मजुराचं काय? रोजगार हमीचा केंद्राचा कायदा ग्रामीण भागासाठीच केलेला. कापूस वेचून झाला, सोयाबीन निघाला, मग फेब्रुवारीत ज्या बाया कामावर जातात, त्या नागरी हद्दीत गेल्या की त्यांनी जॉबकार्ड कुठं दाखवायचं? घरकुलाची ग्रामीण यादी बंद, शहरी यादीत नव्यानं नंबर. आणि दोन्ही याद्यांच्या मध्ये चार-पाच वर्षं जातात.

पुतणी : हे मी मान्य करते. आमच्याकडं हेच झालं. बोर्ड बदलला त्या आठवड्यात, याद्या बदलायला फार वेळ लागला.

काकाजी : बघ. आणि वावरावर आरक्षण पडते. आराखड्यात कोणी रेघ मारली की तिथं बगिचा. ज्याचं दीड एकर आहे, त्यानं काय करायचं?

पुतणी : आरक्षणाला हरकत घेता येते. आणि आराखडा नसला की काय होते ते तुम्ही बघून राहिले ना? लेआउटवाला बारा फुटाचा रस्ता सोडतो, पुढचा आठ फुटाचा. पंधरा वर्षांनी तिथं रुग्णवाहिका शिरत नाही. रेघ कोणी मारलीच नाही तर गरिबाचंच घर पाण्यात जाते, कारण त्याचा प्लॉट नालीला लागून असतो.

(पुतणीचं हे दुखणं मी फार ठिकाणी पाहिलं आहे. नागपूरच्या भोवतालची, बुटीबोरीच्या औद्योगिक पट्ट्यातली गावं गेल्या तीस वर्षांत अशीच वाढली. जनगणनेत अशा गावांसाठी एक खानाच आहे. लोकसंख्या ५,००० च्या वर, पुरुष कामगारांपैकी पाऊण लोक शेतीबाहेर आणि दाट वस्ती असेल, तर जनगणना त्या गावाला शहर मोजते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो. देशात अशी गणतीपुरती शहरं २००१ साली १,३६२ होती, २०११ साली ३,८९४ झाली. म्हणजे हा प्रश्न केळझरच्या वेशीवर आज आला असला, तरी हजारो गावं त्यातून आधीच गेली आहेत, आणि बहुतेकांना त्यातून जाताना कोणी हात दिला नाही.)

काकाजी : अभियंता नाही, आराखडा नाही, म्हणून गावाचं शहर करा म्हणता. मग ग्रामपंचायतीलाच अभियंता द्या ना! केरळात काय केलं? १९९६ ला लोकयोजना काढली, राज्याच्या योजनेतला तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त पैसा स्थानिक संस्थांकडे दिला, सोबत माणसंही दिली. तिथली पंचायत मोठी असते, तिच्याजवळ कर्मचारी असतात, आणि ग्रामसभाही असते. मग आपल्याकडं काहून नाही होत? इथं एका ग्रामसेवकाकडं दोन-दोन गावं. २०२४ ला त्याचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं. तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं. नाव बदलायला वेळ लागला नाही. माणूस मात्र तोच, एकटाच.

पुतणी : हे तुम्ही बरोबर बोलले.

काकाजी : मग?

पुतणी : मग काय, केरळ होईपर्यंत थांबायचं? काकाजी, सरकार जे देते त्यातूनच आपल्याला निवडावं लागते. सरकार म्हणते अभियंता पाहिजे तर नगरपंचायत व्हा. मी ते घेईन.

काकाजी : आणि मी म्हणतो की सरकारनं टाकलेल्या दोन पत्त्यांतलाच एक उचलायचा हे तुला कोणी शिकवलं? मेंढा गाव माहीत आहे ना?

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातलं मेंढा. या लेखात ते गाव काकाजींनी काढलं नसतं तर मी काढलं असतं. तिथली ग्रामसभा निर्णय मतानं न घेता सर्वसहमतीनं घेते, एकाचा विरोध असला तरी थांबते. वनहक्क कायद्याखाली २००९ साली १,८०० हेक्टरांच्या आसपासच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. आणि २०१३ साली त्या गावानं आपली शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेकडे दिली. तो कायदा १९६४ चा, विनोबांच्या चळवळीतून आलेला, जे विनोबा केळझरच्या पुढच्या पवनारला राहत होते. तो कायदा तेव्हा जवळजवळ अर्धं शतक जुना होता, आणि एका गोंड गावानं तो शोधून आपल्यासाठी उघडला. सरकारनं मेंढ्याला नवा दर्जा दिला नव्हता. मेंढ्यानं आधी आपला दर्जा ठरवला आणि मग कायद्याकडून तो मागितला.

पुतणी : मेंढा लहान आहे, काकाजी. एका जमातीचं, जंगलातलं. सगळे एकमेकांचे सोयरे. केळझरात पंधरा जाती, महामार्ग, दर चतुर्थीला बाहेरच्या गाड्या. इथं सर्वसहमती? नालीच्या बाबतीत तरी होईल का?

काकाजी : नाही होणार. मी तसं म्हणतच नाही. मी म्हणतो की त्यांनी आधी अभ्यास केला. वर्षानुवर्षं अभ्यासगट बसवले, कायदे वाचले, बाहेरच्यांना बोलावून समजून घेतलं, मग ठराव केला. आपण काय केलं? केळझरचा एक तरी माणूस सांगेल का, की नगरपंचायत झाली तर त्याचा कर किती होईल?

पुतणी : नाही सांगणार.

काकाजी : सांगू शकेल असा एकच माणूस आहे माझ्या ओळखीचा, आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात नोकरी करते.

पुतणीकडे याला उत्तर होतं, पण तिनं वेगळंच काही विचारलं.

पुतणी : समजा सरकारनं उद्या अधिसूचनेचा मसुदा काढला. कायद्यात लोकसंख्या पाहिजे दहा ते पंचवीस हजार, शेतीबाहेरचा रोजगार पाहिजे. आज नाही बसत केळझर त्यात. पण शेजारची दोन-तीन गावं जोडली तर? सरकार हरकती मागवते. तेव्हा तुम्ही काय लिहाल?

काकाजी : हरकत लिहीन.

पुतणी : एकट्याची?

काकाजी : ग्रामसभेचा ठराव करू.

पुतणी : तहकूब सभेत, वीस जणांचा?

काकाजी काही बोलत नाहीत. मग म्हणतात, "नाही. भरलेल्या."

इथं माझं म्हणणं सांगून टाकतो. केळझरनं नगरपंचायत व्हावं की नाही, यावर माझं मत आज तयार नाही, आणि बाहेरच्या माणसाचं तयार असूही नये. पण प्रश्न कुठं सोडवायचा याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गावाचा दर्जा बदलायचा निर्णय आज मंत्रालयात होतो. गावाच्या वाट्याला मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेणं एवढंच येतं, आणि ग्रामसभेचा ठराव सरकारला बांधून घेत नाही. ज्या निर्णयानं ग्रामसभाच संपणार आहे, तो ग्रामसभेच्या मान्यतेशिवाय होऊ नये, अशी दुरुस्ती १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात व्हायला हवी. मालगुजारीची गोष्ट वेगळी होती. तिथं एका माणसाची सत्ता काढायची होती, आणि ती काढायला त्याचीच परवानगी मागणं अन्याय झाला असता. इथं सगळ्यांची सभा काढायची आहे, तेव्हा तिला विचारायलाच हवं. पुतणीच्या शंकेचंही मी मनापासून समर्थन करतो: ही मान्यता वीस जणांच्या तहकूब सभेची चालणार नाही. गणपूर्ती न झाल्यास निर्णय पुढे ढकला, पुन्हा सभा बोलवा, वस्तीत जाऊन बोलवा, महिलांच्या सभेचा ठराव वेगळा मोजा. महिलांची सभा आणि वस्ती दोन्ही 'हो' म्हणत नाहीत तोवर फलक बदलू नये.

हे जड वाटेल. पण आज एखादा लेआउट मंजूर करायला जेवढे कागद लागतात त्याहून हे जड नाही.

आणि ग्रामपंचायत राहायची असेल तर तिला अभियंता मिळालाच पाहिजे. काकाजींची ही मागणी मी पुतणीच्या नावानंही लिहितो, कारण मनातून तिचीही तीच आहे. २०२० च्या २४ एप्रिलला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोननं गावठाणं मोजली जाऊन लोकांना घराच्या जागेचं मालमत्ता पत्रक मिळू लागलं. ज्या गावाच्या जागेचा इतका नेमका नकाशा सरकार करू शकतं, त्या नकाशावर नालीची आणि रस्त्याची रेघ मारायला एक माणूस सरकारला देता येऊ नये, हे मला पटत नाही.

पुतणी : काकाजी, पुढच्या ग्रामसभेला विषय द्यायचा असेल तर आधी लेखी द्यावा लागते ना?

काकाजी : लागते. तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. सही मी करतो, मतदार मी आहे.

पुतणी : काय लिहू?

काकाजी : लिही. एक, महामार्गालगत गेल्या पाच वर्षांत किती लेआउट पडले आणि ग्रामपंचायतीनं कोणाला ना-हरकत दिली, यादी वाचून दाखवावी. दोन...

पुतणी : दोन मी लिहिते. वस्तीतल्या नळाला दिवसातून किती वेळ पाणी येते आणि गावठाणातल्या नळाला किती वेळ, दोन्ही मोजून सभेत सांगावं.

काकाजी : ते पहिलं कर. लेआउटचं दुसरं.

पुतणी : आणि नगरपंचायतीचं?

काकाजी : ते तिसरं. पण त्याच्यासमोर लिही की माहिती द्यायला पुतणीला बोलवावं, आणि तिनं कराचा आकडा घेऊन यावं, बाकी भाषण नको.